रंग न बघता निघालेली चिठ्ठी

बेलफोर्ड, दक्षिण कॅरोलायना
मंगळवार

तीर्थस्वरूप एझेलमामा यांस,

तुमच्या भाच्याचा, थॅडियसचा, टोपी काढून आणि दात आवळून केलेला नमस्कार. (टोपी तुमच्या मानासाठी काढली आहे, दात इथल्या लोकांवर आवळलेत. गल्लत करू नका.) तुमचा गुडघा कसा आहे? डेट्रॉइटच्या थंडीत तो दुखणारच. तीस वर्षं बसचा ब्रेक दाबल्यावर गुडघ्यानं तरी काय करावं? मामींची साखर आटोक्यात आहे ना? मी इथे नाताळापासून आहे. त्याआधी जॉर्जियात कोळंबी पकडण्याच्या बोटीवर होतो. त्या बोटीचा कप्तान असा होता की होकायंत्र बिघडलं तर तो ते बदलायचा नाही, उत्तर दिशाच सरकली आहे असं म्हणायचा. त्याच्यापायी आम्ही दोनदा चिखलात रुतलो, आणि दुसऱ्यांदा रुतलो तेव्हा मी उतरून चालत किनाऱ्यावर आलो आणि परत गेलोच नाही. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. त्या कप्तानाची आठवण का झाली ते पुढे कळेल, किंवा नाही कळणार. सध्या माझ्या डोक्याचं काही खरं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे तेच आधी सांगतो, कारण रागावलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. साठ सालच्या फेब्रुवारीत तुमची आई, म्हणजे माझी व्हर्नेल मावशीआजी, आणि तिच्या वर्गातली तिघं हॉलिसच्या औषधदुकानात गेली, तिथल्या खाण्याच्या काउंटरवर गोऱ्यांसाठी राखलेल्या स्टुलांवर बसली, आणि मावशीआजीनं एक कप कॉफी मागितली. वय सतरा. अंगात लिंबाच्या रंगाचं स्वेटर, पुढ्यात भूमितीचं पुस्तक, कारण दुसऱ्या दिवशी परीक्षा. कॉफी आली नाही, गावातली टगी पोरं आली. त्यांनी तिच्या केसांत सिरप ओतलं, साखर ओतली, केचप ओतलं, आणि ती प्रमेय वाचत राहिली. मग पोलीस आले आणि ज्यांच्यावर ओतलं होतं त्यांनाच धरून घेऊन गेले. (ओतणारे घरी जेवायला गेले.) दुसऱ्या दिवशी आपली आणखी पोरं येऊन बसली, तिसऱ्या दिवशी आणखी. शेवटी दुकानाचे मालक थोरले हॉलिस यांनी काय करावं? पाना घेऊन सगळी स्टुलं जमिनीतून उखडून काढली! पुढे कित्येक वर्षं अख्ख्या गावानं तिथे उभ्यानं सँडविच खाल्लं, गोऱ्यांनीसुद्धा. एका मुलीला बसू द्यायचं नाही म्हणून सगळं गाव उभं राहिलं, मामा. उत्तर दिशा सरकवणारा कप्तान यांच्यापुढे शहाणा म्हणायचा.

आता आपल्या माउंट निबो चर्चची माणसं दर फेब्रुवारीत त्याच जागी काउंटर-दिवस करतात, म्हणजे तो सगळा प्रसंग पुन्हा करून दाखवतात. (तिथे आता एक कॉफीचं दुकान आहे. स्टुलं कुणाच्या तरी गोठ्यात सापडली, ती पुन्हा बसवली आहेत.) बसणारे आपले. ओतणारे पलीकडच्या चर्चमधली गोरी पोरं, आणि ती बिचारी कानापर्यंत लाल होत ओततात. नियम एकच: ज्यानं ओतलं त्यानं धुवायचं. खेळ संपला की ती पोरं आपल्या चर्चच्या तळघरात मोरीपाशी उभी राहून बसणाऱ्यांचे शर्ट स्वतःच्या हातानं धुतात, आणि मावशीआजी खुर्चीवर बसून, “कॉलर राहिली, बाळा, कॉलर,” असं सांगत असते. मग सगळे मिळून मक्याच्या पिठात तळलेला मासा खातात. कुणी भाषण करत नाही. धुताना जे कळायचं ते ज्याचं त्याला कळतं. एवढा साधा, चांगला, चालता खेळ. तो यांना बघवला नाही.

यंदा नगर समितीनं ठरवलं की काउंटर-दिवस आता अख्ख्या गावाचा. समितीच्या नव्या संस्कृतीबाई आहेत मेरिडिथ पॅक्स्टन. बाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या बोलताना छातीवर हात ठेवतात आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यांचे डोळे भरून येतात, त्यामुळे समोरच्याला आपलं म्हणणं आवरतं घ्यावं लागतं. तालमीच्या पहिल्या दिवशी त्या एक गवती टोपी घेऊन आल्या. टोपीत चिठ्ठ्या. “इथे आपण कुणाचाही रंग बघणार नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला जी भूमिका निघेल ती त्याची. हेच तर त्या चळवळीनं आपल्याला शिकवलं!” आपले रेव्हरंड स्पिव्ही यांनी आमेन म्हटलं. (रेव्हरंडांचं आमेन हल्ली दाराच्या बिजागरीसारखं झालंय, कुणीही ढकललं तरी वाजतं.)

चिठ्ठ्या निघाल्या. आपल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची मुलगी झेनोबिया, जिला गेल्या वर्षी खऱ्या पोलिसानं गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून भर पावसात रस्त्यावर उभं केलं होतं, ती पोलीस झाली. मला निघाली चिठ्ठी: गर्दीतला माणूस, सिरप आणि साखर ओतणारा. आणि मावशीआजीची भूमिका, सतरा वर्षांची व्हर्नेल, निघाली ड्वाइट हॉलिसला. होय, तोच हॉलिस. स्टुलं उखडणाऱ्याचा नातू. वय पन्नाशीपुढे, विमे विकतो, हसला की हिरड्या दिसतात. चिठ्ठी वाचून त्याला रडू आलं. “माझ्या आजोबांना किती आनंद झाला असता,” असं तो म्हणाला. मी म्हटलं, “कशाचा?” तर म्हणतो, “अरे थॅडियस, आजोबांनी कधी रंग बघितलाच नाही. स्टुलं काढली ना, ती सगळ्यांचीच काढली!”

मामा, मी शाळा दहावीतच सोडली, त्यामुळे मला वाटलं की यातलं काहीतरी मला कळत नसेल. मी दोन दिवस यावर विचार केला. पीचच्या बागेत छाटणीला गेलो होतो तिथे शिडीवर उभा राहून विचार केला आणि चुकून भलतीच फांदी कापली. शेवटी लक्षात आलं की यात कळण्यासारखं काही नाहीच.

मावशीआजी तालीम बघायला आली तेव्हा पॅक्स्टनबाईंनी तिला पुढची खुर्ची दिली, शाल दिली, नवी संहिता वाचून दाखवली. नव्या संहितेत शेवटी थोरले हॉलिस हसत हसत सगळ्यांना कॉफी ओततात आणि बसणारे आणि ओतणारे हातात हात घालून उभे राहतात. पाना नाही, पोलीस कुणाला नेत नाहीत. वाचून झाल्यावर बाईंनी छातीवर हात ठेवला. “मिस व्हर्नेल, हाच ना तुमचा संदेश? रंग बघू नका?”

मावशीआजीनं शाल काढून घडी करून बाजूला ठेवली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. “बाई, दिसेनासं व्हायला कोण जाईल इतक्या लांब, नवं स्वेटर घालून? दिसत नव्हतो म्हणून तर गेलो होतो. त्याच काउंटरच्या मागे माझी आई कपबशा विसळायची, ती कधी कुणाला दिसली नाही. मी कुणाला कसला संदेश दिला नाही. मी म्हटलं, एक कॉफी द्या. म्हणजे काय, की मी काळी आहे, तुम्हाला दिसतेय, आता कप भरा. यात न बघण्याचं कुठून आलं?”

पॅक्स्टनबाईंचे डोळे भरून आले. “किती सुंदर,” त्या म्हणाल्या, आणि हातात हात घालण्याची जागा दोन पावलं पुढे घेतली. बस्स. एवढाच फरक पडला. दगडावर पाणी ओतलं तर निदान दगड ओला तरी होतो, मामा!

मी घरी येऊन आदळआपट केली. म्हटलं, मी हे करणार नाही, मी निघालो. मावशीआजी भेंडी चिरत होती. (इथली भेंडी यंदा जून निघतेय. बाजारवाल्याला सांगितलं तर म्हणतो, आजी, तुमचे दात जुने झाले. त्यावर ती त्याला जे म्हणाली ते पत्रात लिहिता येत नाही.) मान वर न करता म्हणाली, “चिठ्ठी निघालीय ना तुझी? मग ओत. पण नीट ओत. आधी सिरप, मग साखर. आधी साखर ओतलीस तर ती घरंगळते, चिकटत नाही. माझ्यावर ओतणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक होतं. तू ओत, बघू त्यांना रंग दिसतो की नाही ते.” तेव्हा मला वाटलं की म्हातारी गंमत करतेय. तुम्ही तिचे चिरंजीव. तिनं आजवर गंमत केलेली तुम्हाला आठवते का?

शनिवारी दुकान गच्च भरलं. फुगे होते. (फुगे! कुणाचा वाढदिवस होता?) ड्वाइट हॉलिस मधल्या स्टुलावर बसला. अंगात लिंबाच्या रंगाचं बायकी स्वेटर, बटणं पोटावर लागत नव्हती म्हणून नुसतंच सोडलेलं, डोक्याला रिबीन, पुढ्यात भूमितीचं पुस्तक उलटं धरलेलं. मावशीआजी पहिल्या रांगेत. गर्दीत आम्ही सहा जण, मी सोडून सगळे गोरे, आणि ते पाचही जण जिवाच्या आकांतानं ओरडत होते, कागदाचे बोळे फेकत होते, एकानं तर हॉलिसच्या स्टुलाला लाथही मारली. माझी पाळी आली. मावशीआजीनं सांगितल्याप्रमाणे केलं. आधी सिरप. बाटली पूर्ण. हळूहळू, भांगातून. मग साखर. मग मला केचप ओतायचं नव्हतं, ते दुसऱ्याचं काम होतं, पण त्या क्षणी मला कपबशा विसळणाऱ्या पणजीची आठवण झाली आणि हात आपोआप केचपकडे गेला. मी खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. लोकांमधून “अरे, अरे” असा आवाज आला. मागच्या पाच जणांच्या ओरडण्यानं कुणाला काही झालं नव्हतं, माझ्या बाटलीनं मात्र दुकान गार पडलं.

आणि बाहेर फुटपाथवर कुत्रं फिरवत चाललेलं कुठलंसं परगावचं जोडपं काचेतून आत बघत होतं. त्यांनी पोलिसांना फोन केला. काय सांगितलं ते मला नंतर चौकीत ऐकवलं गेलं: “एक काळा माणूस एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईवर हल्ला करतोय.” (म्हातारी गोरी बाई म्हणजे ड्वाइट हॉलिस. हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव आनंद आहे, तो मी पुरवून पुरवून वापरतोय.)

पोलीस आला. कोवळा, नवीन, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. दारातून शिरला आणि बोळे फेकणाऱ्या पाच जणांना ओलांडून, लाथ मारणाऱ्याला “जरा बाजूला व्हा, सर” असं म्हणून, सरळ माझ्यापाशी आला आणि माझे हात मागे घेतले. झेनोबिया पुठ्ठ्याचा बिल्ला लावून मध्ये पडली. “अहो, याला मी पकडायचंय! माझी चिठ्ठी आहे!” तो म्हणाला, “तू कोण?” ती म्हणाली, “मी पोलीस!” त्यानंतर तिलाही भिंतीपाशी उभं केलं. ड्वाइट हॉलिसच्या डोळ्यांत सिरप गेलेलं, त्याला काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे त्याला वाटलं खेळ चालूच आहे. तो दोन्ही हातांनी काउंटर धरून किंचाळला, “मी इथून हलणार नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बेड्या घालून नेताना टाळ्या वाजत होत्या, मामा. त्या त्याच्यासाठी होत्या, पण माझ्या कानात त्या अजून वाजतायत.

मी पॅक्स्टनबाईंकडे बघितलं. एवढं एक वाक्य पुरलं असतं: हे नाटक आहे, याची चिठ्ठी मीच काढली. बाई म्हणाल्या, “ऑफिसर, संहितेत इतकं नव्हतं. यानं जरा जास्तच केलं.” सहा जणांच्या गर्दीत एकट्यानं जास्त केलं! गवती टोपीला रंग दिसला नाही, बाईंना दिसला नाही, समितीला दिसला नाही, आणि दार उघडून एक माणूस आत आला तर त्याला दुसरं काही दिसेचना. मी त्याच्यावर फारसा चिडलेलो नाही. तो निदान बघत तरी होता. चीड येते ती बाकीच्यांची, ज्यांनी डोळे मिटून घेतलेत आणि वर आम्हालाच सांगतायत की बघा, किती छान अंधार पडलाय, आता सगळे सारखे.

संध्याकाळपर्यंत मला सोडलं. हॉलिसनं तक्रार केली नाही, फक्त “मनानं दुखावलो” असं लिहून दिलं. काल समिती बसली. ठरलं असं, की पुढच्या शनिवारी गावाच्या एकोप्यासाठी मी सगळ्यांसमोर ड्वाइट हॉलिसची माफी मागायची, आणि काउंटर-दिवस यापुढे कायमचा समितीकडे, त्याच संहितेनं, त्याच टोपीनं. मी विचारलं, माफी कशाची? पॅक्स्टनबाई म्हणाल्या, “सगळं किती छान चाललं होतं, थॅडियस. त्यात रंगाचा विषय तू आणलास.” रेव्हरंड स्पिव्हींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मन मोठं कर, पोरा.” मी म्हटलं, “रेव्हरंड, आमची मनं मोठी करून करून आता घरात ठेवायला जागा उरली नाही. एखादं त्यांना द्या.” ते आमेन म्हणाले. सवयीनं.

तेव्हा मामा, मी या गावाला रामराम ठोकतोय. माफी मागणार नाही, आणि इथे राहिलो तर आणखी काहीतरी ओतेन. गुरुवारच्या बसनं तुमच्याकडे निघतो. कोचावर झोपेन. खाण्याची तक्रार नाही. तुमच्या गल्लीतला बर्फ उपसून देईन. मामींना माझा नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
थॅडियस

ता.क. कोच लहान असला तरी चालेल. बोटीवर मी दोरखंडाच्या वेटोळ्यात झोपायचो.

ता.क. दुसरा. वरचं सगळं सकाळी लिहिलं. आता दुपार झाली आहे आणि गुरुवारच्या बसचं रद्द समजा. मी लिहीत बसलो होतो तेवढ्यात मावशीआजी कोट घालून, काठी घेऊन बाहेर पडली. मला वाटलं भेंडीवाल्याशी भांडायला गेली. झेनोबिया धावत सांगायला आली तेव्हा कळलं, ती कॉफीच्या दुकानात जाऊन मधल्या स्टुलावर बसली आहे आणि उठत नाही. दुकानाच्या पोरीनं फेसावर बदामाचा आकार काढलेली कॉफी तिच्यापुढे ठेवली. मावशीआजीनं विचारलं, “फुकट आहे का?” पोर म्हणाली, “तुम्हाला कायमच फुकट, मॅम.” कप परत गेला. “फुकट आम्ही तेव्हाही मागितली नव्हती.” तिचं म्हणणं सरळ आहे: माफी रद्द, काउंटर-दिवस पुन्हा माउंट निबोचा, बसणारे आपले, ओतणाऱ्यांनी धुवायचं, आणि शेवटी हातात हात नाहीत, पाना. हे होईपर्यंत दुकान उघडायच्या वेळी ती येणार आणि बंद होताना जाणार. पॅक्स्टनबाई येऊन रडून गेल्या. मावशीआजीनं त्यांना हातरुमाल दिला आणि विषय बदलला नाही. तो कोवळा पोलीस दारापर्यंत आला, तिच्याकडे बघितलं, तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला एकदम दुसरीकडे काम निघालं. तिच्या डावीकडे झेनोबिया बसली आहे, त्यापलीकडे मी, आणि हे मी तिथूनच लिहितोय. (अक्षर वाईट आहे कारण काउंटर चिकट आहे. सिरप निघालेलं नाही. पुसणार कोण?)

ता.क. तिसरा. आणि आता ज्यासाठी हे पत्र आजच टाकायला हवं ते. आत्ताच ड्वाइट हॉलिस आला होता, साध्या शर्टात. मावशीआजीच्या उजवीकडचं स्टूल रिकामं आहे ना, त्यावर हात ठेवून म्हणाला, “मिस व्हर्नेल, मी बसू का तुमच्या शेजारी? मला तुमच्या बाजूनं उभं राहायचंय.” मी म्हटलं, “आधी ठरव, बसायचंय की उभं राहायचंय.” पण मावशीआजीनं मला गप्प केलं आणि त्याला अगदी मऊ आवाजात सांगितलं, “नाही रे बाळा, तिथे माझा एझेल बसणार आहे. तो डेट्रॉइटहून निघालाय.” हॉलिसनं विचारलं, “कधी निघाले?” ती म्हणाली, “आज सकाळी.” चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेली बाई, मामा, डोळ्याची पापणी न हलवता. आता दुकानात, गल्लीत, चर्चमध्ये सगळ्यांना हे कळलंय, आणि रेव्हरंड स्पिव्ही तुमच्यासाठी कोंबडी तळायला सांगून गेलेत. तेव्हा तुम्ही निघाला आहात, हे तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र.